आई कुणाला नाही म्हणत नसे

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर ताई ताठ बसली होती आणि मी तिच्यासमोर येरझाऱ्या घालत होते. मी गाडी चालवायला शिकवते. शिकाऊ माणूस शेजारी असला की माझा पाय सतत ब्रेकवर असतो. इथे ब्रेकच नव्हता, त्यामुळे पाय नुसतेच चालत होते.

"बस की गं जरा, भिंगरी. गरगरायला लागलंय मला."

"तू बसलीयस ना दोघींच्या वाटचं? पुरे तेवढं."

आईची फुप्फुसं बरीच वर्षं कुरकुरत होती, म्हणून तिला दाखल केलं होतं. काल इथेच मेंदूत रक्तस्राव झाला आणि ती बेशुद्ध झाली. डॉक्टरबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. श्वास मंदावतोय. घशात नळी घालून मशीन लावलं तर दिवस वाढतील, पण शुद्धीवर येण्याची आशा नाही. नाही लावलं, तर त्रास होऊ नये म्हणून औषधं देऊ आणि त्यांना शांतपणे जाऊ देऊ. संध्याकाळच्या राउंडपर्यंत ठरवा. जाता जाता म्हणाल्या, "त्यांना स्वतःला काय हवं असतं, याचा विचार करा."

इथेच माशी शिंकली.

"आईने मला स्पष्ट सांगितलंय," ताई म्हणाली. "'होईल ते सगळं करा, हात आखडू नका.' माझ्या घरी, माझा हात हातात घेऊन."

"काहीतरीच! मला म्हणाली, 'नळ्याबिळ्या लावून मला ताटकळत ठेवू नका.' माझ्या गाडीत, शेजारी बसून."

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

"मग मी बोलतेय?"

ताईचा चेहरा मुख्याध्यापिकेचा झाला. ती खरंच मुख्याध्यापिका आहे, पण घरच्यांसमोर तो चेहरा लावला की माझं डोकं फिरतं. मी तिला नको नको ते बोलले. आईकडे तू येतेस तरी कितीदा, इथपर्यंत गेले. शेवटी दार उघडून डॉक्टरबाईच बाहेर आल्या.

"डॉक्टर," मी तावातावाने विचारलं, "दाखल केलं तेव्हा ती शुद्धीवर होती. तुम्ही नाही विचारलंत तिला?"

"विचारलं ना. हसून म्हणाल्या, 'तुम्हाला योग्य वाटेल तसं करा, डॉक्टर.'"

ताईने माझ्याकडे पाहिलं, मी ताईकडे. आणि त्या जागी, त्या वेळी, आम्हाला हसू फुटलं.

आईचं ब्यूटी पार्लर होतं. केस कापलेल्या सुनेला "हेच शोभतात तुला" आणि तिच्या सासूला "लांबच बरे होते हो", असं ती एकाच दुपारी, तितक्याच मनापासून सांगायची. कुणाला दुखवणं तिच्या जिवावर यायचं. ताईला आई सोडवत नाही, म्हणून तिला ते उत्तर. मला कुणाचे हाल बघवत नाहीत, म्हणून मला हे. स्वतःच्या मनात काय होतं, त्याचा पत्ता तिने कुणालाच लागू दिला नाही. मला तिचा भयंकर राग आला.

हसता हसता ताई रडायला लागली. डॉक्टरबाईंच्या मागोमाग आम्ही आत गेलो. श्वास घेताना आईचे खांदे वर उचलले जात होते आणि मधेच सगळं थांबत होतं. ताई बराच वेळ बघत राहिली.

"नको लावूया," ती म्हणाली.

आणि इतका वेळ त्याचसाठी भांडणाऱ्या माझ्या तोंडून होकार निघेना. लावा, काय हवं ते लावा, असं ओरडावंसं वाटलं. मी कशीबशी मान हलवली.

"आईंचीही हीच इच्छा होती, असं समजू ना?" डॉक्टरबाईंनी हळूच विचारलं.

'हो' म्हटलं असतं तर सुटले असते.

"नाही," मी म्हणाले. "तिची इच्छा आम्हाला माहीत नाही. हे आम्ही ठरवलंय."

ताई आईच्या कानाशी वाकली. "आई, मशीन नको म्हणून सांगितलंय गं आम्ही. चालेल ना तुला?"

बोलता येत असतं तर आई 'हो' म्हणाली असती, हे आम्हा दोघींना पक्कं ठाऊक होतं. आम्ही काहीही ठरवलं असतं, तरी ती 'हो'च म्हणाली असती.