चाळिसावी पातळी

दोन्ही गाड्या पुन्हा एकमेकींवर आदळल्या. रंजिताच्या हातातला फोन थरथरला, पडदा लाल झाला आणि इंजिनातून धुराचा एक चौकोनी ढग वर गेला.

“किती मेले?” अनुसयाबाईंनी विचारलं.

“कोणी नाही मेलं, आई. खेळ आहे.”

“दोन गाड्या ठोकल्या आन् कोनी नाही मेलं!” सासूबाईंनी ओल्या तेंदूपानावर चिमूटभर तंबाखू पसरली, पान वळलं, टोक नखाने आत दाबलं आणि दोरा गुंडाळला. एवढं होईपर्यंत त्यांची नजर सुनेच्या हातातल्या फोनवरच होती. “सकाळपासून चौथी टक्कर होय हे.”

रंजिताचं हे कामच होतं. नागपूरहून निघणाऱ्या ‘कळफलक’ या संगणकविषयक मासिकात ‘बटणं दाबा’ नावाचं एक पान ती लिहायची. वरच्या अर्ध्या पानात खेळांच्या बातम्या असत: कोणत्या कंपनीचा कोणता खेळ येणार, कोणाचा लांबला. खालच्या अर्ध्यात एका खेळाचं परीक्षण. टीव्हीला जोडायचे मोठे खेळ तिने फक्त छायाचित्रांत पाहिले होते. त्यामुळे बातम्या ती गोंदियाच्या नेटकॅफेत बसून जमवायची आणि परीक्षण मोबाईलवरच्या खेळांचं करायची, स्वतः खेळून. बीएस्सी करताना तिने या मासिकाला चुका दाखवणारी तीन पत्रं पाठवली होती. चौथ्या पत्राला संपादक खेमराज बोरकरांचं एका ओळीचं उत्तर आलं, ‘मग तुम्हीच लिहा.’ लग्न होऊन ती गोंदियाजवळच्या कुडव्याला आली तेव्हा ते पानही तिच्याबरोबर आलं. नवरा, लोकेश, तिरोड्याला वीज प्रकल्पाच्या कामावर होता. तो शनिवारी यायचा. बाकीचे दिवस घरात दोघीच.

अनुसयाबाई शेजारणींना सांगत, “आमची रंजिता पेपरात हाय.” पेपरात काय लिहिते ते त्या सांगत नसत. त्यांना ते नीटसं ठाऊकही नव्हतं.

बोरकरांचा नियम एकच होता. शेवटपर्यंत खेळल्याशिवाय परीक्षण लिहायचं नाही. दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात रंजिताने तो एकदा मोडला. मोटारसायकलींच्या शर्यतीचा एक खेळ सहा शर्यतींपर्यंत खेळून तिने त्याचं भरभरून कौतुक केलं. सातव्या शर्यतीत तो खेळ प्रत्येकाच्या फोनवर अडकून पडायचा. तुमसरच्या एका वाचकाने लिहिलं, ‘परीक्षकांनी खेळ संपवलेला नाही हे उघड आहे.’ बोरकरांनी ते पत्र जसंच्या तसं छापलं आणि तिला एका शब्दानेही काही म्हटलं नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला कितीतरी दिवस वाटत राहिलं.

आता हातात होता ‘केबिन मास्टर’. हैदराबादच्या एका छोट्या कंपनीने बाजारात आणण्याच्या आठवडाभर आधी तो पाठवला होता. पडद्यावर रुळांचं जाळं, चारही बाजूंनी येणाऱ्या गाड्या. एक ते चार आकड्यांनी सांधे बदलायचे, पाच दाबला की सगळे सिग्नल लाल. पातळ्या चाळीस. एकोणचाळीस तिने पार केल्या होत्या आणि चाळिसावीवर ती शनिवारपासून अडून बसली होती.

सोमवारी दुपारी बोरकरांचा फोन आला.

“झालं?”

“एक पातळी राहिली आहे, सर.”

“गुरुवारी संध्याकाळी अंक छापायला जातो. नाही झाली तर बातम्यांनी पान भरू.” त्यांनी आवाज उतरवला. “मालक विचारून राहिले, खेळांचं पान कोण वाचतं. या महिन्यात परीक्षण नसलं तर मी त्यांच्याशी कोणत्या तोंडाने भांडू?”

रंजिताने फोन ठेवला आणि भिंतीला डोकं टेकून बसली. अनुसयाबाईंनी मांडीवरचं सूप बाजूला सारलं.

“दाखव बरं. काय होय ते?”

रंजिताने पडदा त्यांच्यापुढे धरला. बोटाने एकेक दाखवत सांगितलं. ही लाईन, हा सांधा, हा सिग्नल.

अनुसयाबाई बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “हे तं केबिन होय. तुझा सासरा हेच करे.”

शालिकराम शहारे रेल्वेत होते हे रंजिताला ठाऊक होतं. नॅरोगेजच्या छोट्या लाईनजवळच्या केबिनमध्ये ते सांध्यांचे आणि सिग्नलचे लिवर ओढायचे. ती या घरात यायच्या तीन वर्षं आधीच ते गेले होते. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली त्यांचा एक फोटो होता, टोपी घातलेला, ओठ घट्ट मिटलेले.

“तुम्ही कधी पाहिली केबिन?”

“बाहेरून. डबा घेऊन जाओ. वर चढू नाही देत.” त्यांनी पदराला हात पुसले. “आन इकडे.”

पहिल्या पातळीत दोनच गाड्या होत्या. अनुसयाबाईंनी दोन्ही ठोकल्या. दुसऱ्यांदाही ठोकल्या. तिसऱ्यांदा एक गाडी फलाटाला लागली तेव्हा त्यांनी तोंडावर हात ठेवला. संध्याकाळपर्यंत त्या सातव्या पातळीवर होत्या आणि सुपातली पानं वाळून कडक झाली होती.

रंजिताला आधी गंमत वाटली. मंगळवारी दुपारी ती गंमत उरली नाही. चाळीस वर्षं बिड्या वळलेली ती बोटं होती. खाली न बघता चालायची त्यांना सवय होती, त्यामुळे डोळे पडद्यावर मोकळे राहत. रंजिताला आकडा शोधावा लागे. अनुसयाबाईंचा अंगठा आधीच तिथे असे. शेजारची रुख्मा पानं मागायला दारात आली आणि बघतच राहिली.

“काय व अनुसया, बिड्या सोडून काय करून राहिली?”

“ड्युटीवर आहो मी. मंग ये.”

बुधवारी सव्विसाव्या पातळीत एकाच वेळी आठ गाड्या आल्या. अनुसयाबाईंनी ती पार केली, फोन रंजिताच्या हातात दिला आणि दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून बसून राहिल्या.

“दुखतात का डोळे? राहू द्या, आई.”

“तो घरी आला की बोलत नसे,” त्या तळहातांआडूनच म्हणाल्या. “जेवे, हात धुवे, भिताडाकडे तोंड करून झोपे. मले वाटे, माह्यावर राग हाय. भाजी पसंत नाही पडली का काय. मंग मीबी बोलनं सोडलं. वर्षभर बोलली नाही त्याच्याशी.”

रंजिताने पाण्याचा पेला भरून त्यांच्याजवळ ठेवला.

“आठ गाड्यात माह्यं डोकं भनभन करून राहिलं,” अनुसयाबाई म्हणाल्या. “तो दिवसभर किती पाहत असन?”

त्या पाणी प्यायल्या, त्यांनी पेला पालथा घातला आणि हात पुढे केला. “आन. सत्ताईसवी लाव.”

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला चाळिसावी पातळी लागली. पाच गाड्या, दोन फलाट, मधली एक लाईन बंद. रंजिता त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसली. ही पातळी तिला पाठ होती. एक्स्प्रेस आधी काढायची, तिचे गुण जास्त. आणि एक्स्प्रेस आधी काढली की दर वेळी पलीकडून मालगाडी येऊन धडकायची.

अनुसयाबाईंनी पाच दाबला. सगळे सिग्नल लाल झाले. एक्स्प्रेस उभी राहिली, तिच्यामागे पॅसेंजर उभी राहिली.

“आई, घड्याळ पाहा! वेळ संपून राहिला.”

“संपू दे.”

“ती एक्स्प्रेस आहे. तिला थांबवलं की तारे जातात.”

“गेले तं गेले. समोरची लाईन खाली झाली काय? नाही झाली. मंग कशी सोडू?”

कोपऱ्यातलं घड्याळ लाल झालं. इतके दिवस घड्याळ लाल झालं की रंजिता स्वतःच खेळ बंद करायची आणि पहिल्यापासून सुरू करायची. त्यापुढे काय होतं ते तिने पाहिलंच नव्हतं. आता डब्यांच्या खिडक्यांत छोटे छोटे रागावलेले चेहरे दिसू लागले. एक्स्प्रेसने तीनदा शिटी मारली.

“बोंबल,” अनुसयाबाई तिला म्हणाल्या.

मालगाडी रखडत रखडत पडद्याबाहेर गेली. शेवटचा डबा दिसेनासा झाल्यावर त्यांनी सांधा बदलला आणि एक्स्प्रेस सोडली. मग पॅसेंजर. मग उरलेल्या दोन, एकीमागे एक. पडदा निळा झाला. ‘सर्व गाड्या पोचल्या’ अशी इंग्रजी अक्षरं आली. खाली तीन तारे, तिन्ही रिकामे.

“काय म्हनते?”

“संपला खेळ. जिंकलात तुम्ही. पण तारा एकही नाही. उशीर झाला म्हणून.”

“कोनी मेलं काय?”

“नाही.”

“बस मंग.”

फोनने नाव विचारलं. यादीत लावण्यासाठी, आठ अक्षरांत. रंजिताने डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि हळूहळू बटणं दाबायला घेतली. सात चार वेळा, एस. मग चार दोनदा, एच.

“काय लिहून राहिली?”

“बाबांचं नाव. शालिक.”

अनुसयाबाईंनी मान वळवून फोटोकडे पाहिलं आणि मग सुनेकडे.

“त्याचं कायले? त्यानं त्याचं काम केलं, रेल्वेनं हातातली घडी देल्ली त्याले. हे तं मी खेलली.”

रंजिताने दोन्ही अक्षरं खोडली आणि सासूबाईंचं नाव घातलं.

परीक्षण तिने दीड तासात लिहिलं. इतकं सलग तिने आजवर काही लिहिलं नव्हतं. खेळातले आवाज कर्कश आहेत असं लिहिलं, रंग चांगले आहेत असं लिहिलं. घड्याळ लाल झालं तरी खेळ संपत नाही हे बहुतेकांना कळणारच नाही, ही कंपनीची चूक आहे आणि हीच या खेळातली सगळ्यात चांगली गोष्टही आहे, असंही लिहिलं. मग सायकल काढून ती गोंदियाच्या नेटकॅफेत गेली, सगळं टाईप करून पाठवलं आणि उन्हातून परत आली.

चार वाजता बोरकरांचा फोन आला. अनुसयाबाई नव्या भिजवलेल्या पानांसमोर बसल्या होत्या. तीन दिवसांचं काम मागे पडलं होतं आणि बोटं भराभर चालली होती.

“तुमचं पहिलं वाक्य वाचतो,” बोरकर म्हणाले. “‘हा खेळ मला संपवता आला नाही, तो माझ्या सासूबाईंनी संपवला.’”

“हो, सर.” रंजिता उठून उभी राहिली. “नियम माहीत आहे मला. पण मीच संपवला असं लिहिणं खोटं झालं असतं.”

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

“नियम शेवटपर्यंत खेळण्याचा आहे. कोणी खेळायचं ते मी कधी सांगितलं नाही,” बोरकर म्हणाले. “पण ‘सासूबाई’ चालणार नाही. वाचकाला सासूबाईंशी काय करायचं आहे? लेखाच्या वर दोन नावं जातील. तुमचं आहे माझ्याकडे. त्यांचं सांगा. अनुसूया की अनुसया?”

रंजिताने फोनवर हात ठेवला.

“आई, मासिकात तुमचं नाव छापणार आहेत. कसं लिहायचं विचारतात. अनुसूया की अनुसया?”

बोटं थांबली. अर्धी वळलेली बिडी तशीच हातात राहिली. रेशनकार्डावर काय आहे, मतदार यादीत काय आहे, आई काय हाक मारायची, यातलं काय काय त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं ते रंजिताला कळलं नाही.

“अनुसया,” त्या म्हणाल्या. “अनुसया शहारे. आन् बाई नको लावा म्हना. खेलाडूले कोन बाई म्हनते?”