सोमवारचं धुणं

गुरुवारी अकरा वाजता कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची बाई वडिलांच्या पैशाची तपासणी करायला येणार होती. वडिलांना उठवायला, आंघोळ घालायला सकाळ-संध्याकाळ कौन्सिलची माणसं येतात. त्यांचे किती पैसे वडिलांच्या पेन्शनमधून कापायचे, ते ती ठरवणार. आधी पत्रात आलेला आकडा होता आठवड्याला ब्याऐंशी पौंड. एवढे गेले तर घर चालणं शक्य नव्हतं. माणसं बंद केली तर मला शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी सोडावी लागणार होती. मग दोघांनी खायचं काय?

वाट एकच होती. आजारपणामुळे होणारा जादा खर्च दाखवला तर आकडा खाली येतो. रोजचं धुणं, वीज, डायपर. फक्त पुरावा हवा.

आणि पुरावा मी माझ्याच हातांनी फाडला होता. औषधांचं दुकान आमच्या कोपऱ्यावरच आहे. पण वडील, क्लिफर्ड एंटविसल, तीस वर्षं या गावात बस चालवत होते. दुकानातली बाई त्यांना चांगली ओळखते. म्हणून दोन वर्षं मी शेजारच्या बर्नली शहरात जाऊन, रोख पैसे मोजून, साध्या पिशवीतून डायपर आणले आणि पावती तिथेच फाडून टाकली. घरात डायपरना आम्ही ‘सामान’ म्हणतो. अब्रूची एवढी चाड आम्हाला! बुधवारी मी कोटांचे खिसे, खण, कचऱ्याचा डबा सगळं उपसलं, पण एक चिटोरंसुद्धा मिळालं नाही. शेवटी फरशीवर बसून रडले.

गुरुवारी वडिलांनी दाढी करवून घेतली, टाय लावला. कौन्सिलची बाई, मिस ऑकडेन, तिशीतली, बोलायला मऊ. धुणं आठवड्याला किती वेळा होतं, असं तिने मला विचारलं, तर वडीलच बोलले.

“सोमवारी. आमच्याकडे धुणं सोमवारीच असतं. बायको होती तेव्हापासून.”

घर गरम ठेवायला जास्त खर्च येतो का? छे, स्वेटर आहे ना. रात्री काही त्रास? काही नाही. ती प्रत्येक उत्तरापुढे शून्य लिहीत गेली. मी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावत होते, त्यांनी पाय मागे घेतला.

“डॅड, खरं सांगा ना.”

“खरंच सांगतोय. कुणापुढे हात पसरायची वेळ आली नाही अजून.”

माझं डोकंच फिरलं. मी वर गेले, सकाळची ओली चादर आणि पायजमा उचलला आणि आणून तिच्या कागदांशेजारी ठेवला. खोलीभर वास पसरला.

“हे रोजचं आहे,” मी म्हणाले. “सोमवार ते रविवार. कधी एका रात्रीत दोनदा. पावत्या नाहीत, कारण यांची लाज राखायची म्हणून मी त्या फाडल्या.”

मिस ऑकडेनने पेन खाली ठेवलं. वडील टायचं टोक बोटांनी सरळ करत बसले होते.

“ती सांगते ते लिहा,” वडील म्हणाले.

तिने लिहिलं. धुण्याला पावती लागत नाही म्हणाली, आणि डायपरची किंमत दुकानात विचारून घेईन. तीन आठवड्यांनी पत्र आलं: एकतीस पौंड. माणसं राहिली, माझी नोकरी राहिली. मला आनंद व्हायला हवा होता.

पण त्या गुरुवारपासून वडिलांनी दुपारनंतर चहा सोडलाय. पाणीसुद्धा घेत नाहीत. ओठ फुटलेत, उठताना चक्कर येते. डॉक्टरीणबाई रागावून गेल्या. चादर मात्र सकाळी कोरडी असते.

काल संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसले आणि अक्षरशः विनवण्या केल्या. “डॅड, दोन घोट तरी घ्या.”

“नको गं पोरी,” ते म्हणाले. “लोकांना दाखवावं लागतं तुला.”