कोहारूचा पाय

कोहारू किंचाळली तेव्हा शैलजाच्या हातात नुसताच पट्टा होता.

जपानमधल्या त्या खेड्यात शेजारी राहणाऱ्या ओनोदेरा-सानांची ही शिकारी कुत्री. म्हातारे ओनोदेरा-सान खुब्याच्या ऑपरेशनसाठी सेंदाईच्या हॉस्पिटलात होते, आणि महिनाभर शैलजाच तिला गावामागच्या सरकारी जंगलात फिरवत होती. "मार्चपर्यंत पट्टा सोडू नका. रानडुकरांसाठी फास लावतात," असं त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं होतं. पण आज कोहारू फारच कुंईकुंई करत होती, आणि कालपर्यंत या वाटेवर फास नव्हता.

पुढच्या पायात तार, तारेचं दुसरं टोक झाडाला. कोहारू हिसके देई तसतशी तार आणखी रुतत होती. शैलजानं अंगातलं जाकीट तिच्या डोक्यावर टाकलं, तिला पोटाशी धरलं, आणि ओनोदेरा-सानांनी अशाच वेळेसाठी दिलेली पक्कड तारेवर लावून सगळा जोर केला. तार तुटेना. कोहारू तिच्या मनगटाला कडकडून चावली.

तिनं नवऱ्याला फोन लावला. "अहो, लवकर या ना!"

"अगं, मी त्सुकुबात आहे. निघालो तरी तीन तास लागतील," अंबरीष म्हणाला. "तिथे फासवाल्याचा नंबर असेल बघ."

झाडाला पाटी होती. नाव वाचता येईना, आकडे आले. फोनवरच्या माणसाला ती जपानीत एवढंच सांगू शकली: कुत्रा, फास, लवकर. "कुठे?" त्यानं विचारलं. तिनं पाटीवरचा फासाचा क्रमांक वाचला.

तो पन्नास मिनिटांनी आला. तोवर कोहारूनं धडपड सोडली होती. त्यानं दोन मिनिटांत फास सैल केला आणि वाकून वाकून माफी मागितली. फास नियमातला होता, पाटीही होती. त्याला काय बोलणार?

संध्याकाळी जनावरांच्या डॉक्टरांनी कोहारूचा पंजा कापला.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात शैलजानं मोडक्या जपानीत सगळं सांगितलं. "पट्टा मीच सोडला."

ओनोदेरा-सानांचं लक्ष तिच्या मनगटावरच्या बँडेजकडे गेलं.

"चावली तुम्हाला?"

"थोडंसंच."

त्यांना उठून बसता येईना. तरी त्यांनी मान उचलली, दोन्ही हात चादरीवर टेकवले आणि जमेल तेवढे वाकले. "तिच्या वतीनं मी माफी मागतो."

शैलजाच्या तोंडात आलं ते सगळं मराठीत होतं. त्यांची उशी सरकली होती. तिनं ती नीट केली.