रिकामा वाडगा परत जात नाही

मी मोरियासानच्या तोफूच्या दुकानामागं भिंतीला टांगलेली पेटी बोलतेय. एका बाजूला गावच्या विजेची तार, दुसऱ्या बाजूला दारातली विजेवरची गाडी, आणि मधे मी.

इतर पेट्या गाडीला नुसतं पाजतात. मी पाजते आणि वेळेला काढूनही घेते. दुपारी आमच्या किनाऱ्यावर उन्हापासूनची वीज रग्गड आणि तिला गिऱ्हाईक नाही, तेव्हा गाडीचं पोट भरून ठेवते. संध्याकाळी घरोघर भाताचे कुकर एकदम लागले की तारेचा जीव वरखाली होतो. मग गाडीतली वीज गावाला परत करते. धंद्यातली जुनी गोष्ट आहे ही: नुसतं घेणाऱ्याचं दुकान टिकत नाही.

मला बसवलं तेव्हा मोरियासान बायकोला म्हणाले, "फुमिए, आपली गाडी आता गावाला वीज देणार!"

"आणि सकाळी रिकामी गाडी ढकलणार कोण, मी?"

शेजारी हिसाएकाकू एकट्या राहतात. त्यांना श्वासासाठी मशीन लागतं. दोन्ही घरांत कुंपणावरून वाडगे फिरतात. इकडून तोफू, तिकडून वांग्याचं लोणचं. रिकामा वाडगा परत करायचा नाही, हा इथला कायदा.

यंदाच्या वादळात सकाळीच खांब आडवे झाले. गाव बंद पडलं, आमचं घर मात्र मी वादळाच्या इशाऱ्यानंतर गाडीत राखून ठेवलेल्या विजेवर चालू ठेवलं. काकूंच्या मशीनच्या बॅटरीत तासाभराचाच जीव उरला होता.

मोरियासान केबल घेऊन कुंपणाशी धावले. "काकू, हे लावा."

"नको हो, उगीच तुम्हाला त्रास. तोफू नासेल तुमचा."

"अहो, गाडीत दोन दिवसांची वीज आहे!"

"मग ती तुमच्याच घरात तीन दिवस पुरवा. मी बसते गप्प."

तीनदा विचारलं. तीनदा कमरेत वाकून नकार. तिसऱ्यांदा वाकल्या आणि त्यांना धाप लागली.

"तोफू विकता की विनंत्या? सरका बाजूला," म्हणत फुमिए पुढं झाल्या. "काकू, नुसता तोफू घशाखाली उतरत नाही आमच्या. थोडं लोणचं द्या ना."

काकूंचा चेहरा उजळला. भिंतीला धरत आत गेल्या आणि आपला वाडगा शिगोशीग भरून आणला.

दोन मिनिटांत वाडगा परत. आत केबलचं टोक, नीट गुंडाळून ठेवलेलं.

"रिकामा कसा देऊ, काकू?"

काकूंनी वाडग्यात हात घातला. "लबाड आहेस हं," म्हणाल्या, आणि टोक लावलं. पलीकडं मशीन घुरघुरू लागलं. इतका गोड आवाज मी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता.

आता खाऱ्या वाऱ्यानं माझं झाकण गंजलंय, आकडे पुसट दिसतात. मोरियासान नवी पेटी आणायचं म्हणतात. काकूंनी धमकी दिलीय, "हिला हलवलंत तर लोणचं बंद!"

मी म्हणते, खुशाल बदला. फक्त त्या दिवशी भर दुपारी काढू नका मला. दुपारी घेतलेलं संध्याकाळी परत करू द्या, गावाचा भात शिजू द्या, मग काढा.