सरकता आवाज

गणपतीच्या मंडपातल्या भोंग्यातून एक फ्रेंच बाई साबणाची जाहिरात करू लागली, तेव्हा इंद्रदेव टेबलाखाली वायरी दातात धरून बसला होता. आरतीचं तबक सजवणाऱ्या पुजाऱ्यांनी चमकून वर पाहिलं. बाई काही थांबेना. समुद्रापलीकडच्या रेयुनियों बेटावरचं ते रेडिओ स्टेशन इकडच्या बेटावर, सें पिएरजवळच्या या उसाच्या गावात अधूनमधून असं आगंतुकासारखं टपकायचं, पण आजवर निदान गणपतीसमोर साबण विकायला आलं नव्हतं.

मराठी समाजाचे अध्यक्ष सत्यनारायण धावत आले. त्यांच्या लंडनच्या भावानं वायर नसलेला मिक्रो पाठवला होता, म्हणजे मायक्रोफोन. त्याच्या पोटात नऊ व्होल्टचं चौकोनी पिल, म्हणजे बॅटरी, घालायचं, शेपटीसारखी छोटी तार लोंबती सोडायची आणि त्यातला आवाज साध्या एफएम रेडिओवर पकडायचा, एवढंच त्या भावानं सांगितलं होतं. तो रेडिओ समाजाच्या जुन्या ॲम्प्लिफायरला कसा जोडायचा ते सांगायला मात्र तो विसरला होता. रेडिओचं भोक एका मापाचं, ॲम्प्लिफायरचं दुसऱ्या मापाचं, आणि दोन्ही कशीबशी जोडली की भोंगा बैलासारखा हंबरायचा. इंद्रदेवनं आठवडाभर खपून सिगारेटच्या पत्र्याच्या डबीत दोनचार सुटे भाग बसवून मधला जोड तयार केला होता. हंबरणं थांबलं होतं. आता ही बाई उपटली होती.

सत्यनारायणांनी स्पष्टच सांगितलं की आरती संपेपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर या वर्षी झाकरी त्यांची मुलगी राजलक्ष्मी गाईल. तिचा गळा तरुण आहे, तिला मिक्रोची गरज नाही. ते वाईट हेतूनं बोलले नव्हते. पण इंद्रदेवनं घाईनं पुन्हा वायरी हातात घेतल्या.

कारण झाकरी त्याच्या थोरल्या बहिणीची, बसंतीबायची होती. कोकणातली जाखडी आजे-पणजे बोटीतून इकडे घेऊन आले आणि इथं तिची झाकरी झाली. या गावाची रीत अशी की गाणारी बाजूला बसत नाही. पायात घुंगरू बांधून रिंगणातच फिरते आणि बाकीचे तिच्यामागून ओळ उचलतात. बसंतीबायचा आवाज ढोलकी आणि घुंगरांच्या वरून थेट उसापर्यंत जायचा. पण या वर्षी उसाची तोडणी सुरू व्हायच्या आधीपासून तिचा घसा बसला तो बसलाच. इस्पितळातल्या डॉक्टरांनी गाठ असल्याचं सांगितलं. ऑपरेशन करावंच लागेल, नंतर आवाज राहील याची खात्री नाही, आणि तोपर्यंत घशाला ताण देऊ नका. बसंतीबायनं सगळं ऐकून घेतलं आणि गणपती झाल्यावर येते म्हणून त्यांना सांगितलं.

म्हणजे गायचं तर हळूच, मिक्रो ओठांशी धरून. वायरीचा मिक्रो मागच्या वर्षी हौस म्हणून वापरून पाहिला होता. पहिल्याच फेरीत वायर चारजणांच्या पायात गुंडाळली गेली आणि ढोलकीवाला तोंडावर आपटला होता. तेव्हा हा लंडनचा मिक्रो चालला तर बसंतीबाय गाणार, नाहीतर नाही.

ती नऊवारी नेसून, घुंगरू हातात घेऊन टेबलाशी आली.

"इंद्र, चालल का ह्यो मिक्रो? खरं सांग."

"चालल, बाय. जरा थांब."

"थांबाया येळ हाय कुठं मला," ती म्हणाली आणि तिथंच खुर्चीवर बसून घुंगरू बांधू लागली.

इंद्रदेव साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. स्वस्थ बसणं म्हणजे काय ते त्याला कधी कळलंच नाही. जेवणाच्या पंगतीत त्याची नजर मिणमिणत्या बल्बवर असायची, आणि कुणाच्या सांत्वनाला गेला तरी निघायच्या आधी तो त्यांच्या दाराचा स्विच खोलून पाहायचा. आई गेल्यावर बसंतीबायनंच त्याला वाढवलं, आणि पुढच्या जन्मी भोवरा होशील असं ती त्याला चिडवायची. त्यानं मिक्रोतला स्क्रू कणभर फिरवला, रेडिओचा काटा फ्रेंच बाईपासून दूर नेला, भोंगा लिचीच्या झाडावरून उतरवून दुसऱ्या फांदीला बांधला. झाकरी टेप करून घ्यायला ठेवलेल्या सत्यनारायणांच्या टेपरेकॉर्डरची वायरही त्याच टेबलावर आली होती आणि त्यातून घुरघुर येत होती, म्हणून त्यानं ती उपटून बाजूला फेकली.

आरती संपता संपता आवाज लागला. बसंतीबाय मिक्रोत नुसतं "इंद्र" म्हणाली आणि मंडपभर ते नाव घुमलं. लोक हसले. पण थोड्याच वेळात आवाज खरखरत विरून गेला. त्यानं काटा केसभर सरकवला तेव्हा तो पुन्हा सापडला आणि पुन्हा निसटला. मग त्याच्या लक्षात आलं. पिल उतरत जाईल, हाताच्या उबेनं मिक्रो तापेल, तसतसा आवाज जागा सोडून सरकत राहणार. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं. कुणीतरी सतत बटणावर बोट ठेवून त्याच्या मागे मागे जायला हवं होतं.

"बाय, तू गा. मी हाय बटनावर," तो म्हणाला.

ढोलकी वाजली. रिंगण फिरू लागलं. इंद्रदेवनं रेडिओला कान लावला, डोळे काट्यावर रोखले आणि त्यानंतर त्याला जग उरलं नाही. बसंतीबाय झाडाच्या बाजूला गेली की आवाज पातळ व्हायचा, समोर आली की फुगायचा. वरची ओळ घ्यायच्या आधी ती मिक्रो घट्ट आवळायची आणि काटा हटकून डावीकडे पळायचा. तो तिच्यामागे पळत राहिला. एका बाजूला फ्रेंच बाई दबा धरून बसली होती, दुसऱ्या बाजूला नुसती खरखर. घाम डोळ्यात गेला तरी त्यानं पुसला नाही. ढोलकी थांबली आणि मंडपातल्या बायका पदरानं डोळे टिपताना दिसल्या, तेव्हा कुठे त्याला कळलं की झाकरी संपली. आवाज एकदाही सुटला नव्हता.

विसर्जनाहून परतताना नदीच्या वाटेवर बसंतीबायनं विचारलं, "कसं झालं रं गानं?"

"मिक्रो एकदा पन सुटला न्हाय, बाय."

"मी गान्याचं इचारते."

कुठली झाकरी म्हटली, कुठं थांबली, शेवटी काय गायली, काहीच त्याच्या कानात राहिलं नव्हतं. राहिला होता तो फक्त काटा. बसंतीबायनं त्याच्याकडे नीट पाहिलं, ओळखलं आणि ती पुढे चालू लागली. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. तिची गाठ गेली आणि आवाजही गेला. उरली ती कुजबुज, तीही कान जवळ नेला तर.

ते वर्ष इंद्रदेवला फार जड गेलं. तो भेटेल त्याला त्या दिवशीच्या गाण्याबद्दल विचारायचा. एकजण म्हणायचा शेवटी गौरीचं गाणं झालं, दुसरा म्हणायचा बोटीचं. सगळे मनापासून सांगायचे आणि कुणाचंच एकमेकांशी जुळायचं नाही. टेपरेकॉर्डरची उपटलेली वायर आठवली की तो हातातलं काम टाकून अंगणात फेऱ्या मारायचा. बहिणीचं शेवटचं गाणं सगळ्या गावानं ऐकलं, आणि ते गावाला ऐकवणारे आपण एकटेच ऐकायचे राहिलो, हे त्याला सारखं सलत होतं. तिच्याजवळ मात्र तो त्यातलं काही बोलला नाही. घरी जाऊन तिची इस्त्री, पंखा, कोंबड्यांच्या खुराड्याचा दिवा दुरुस्त करत बसायचा, बिघडलेले नसले तरी.

पुढच्या गणपतीत राजलक्ष्मी झाकरीला उभी राहिली. तिनंही लंडनचाच मिक्रो मागितला, कारण आता गावाला त्याची चटक लागली होती. इंद्रदेव टेबलाशी बसला, टेपरेकॉर्डरकडे न बघता. बसंतीबाय गळ्याभोवती पदर लपेटून आली आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. या वेळी तिच्या पायात घुंगरू नव्हते.

ढोलकी वाजली. राजलक्ष्मीनं पहिली ओळ घेतली, काटा सरकला, इंद्रदेवनं पाठलाग सुरू केला. थोडा वेळ बसंतीबायनं नुसतं पाहिलं. मग तिनं त्याचं बोट बटणावरून उचललं आणि आपलं ठेवलं. तो घाबरला. आता आवाज सुटणार आणि भर मंडपात साबण येणार. पण आवाज सुटला नाही. पोरगी श्वास कुठं घेणार, वर कुठं चढणार, मूठ कुठं आवळणार, ते बसंतीबायला आधीच ठाऊक होतं. गाणं तिनंच शिकवलेलं होतं. इंद्रदेव आवाजाच्या मागे धावायचा. ती आधी जाऊन थांबत होती.

त्यानं मदतीला हात पुढे केला तर तिनं तो बाजूला सारला, त्याचा कान आपल्या तोंडाजवळ ओढला आणि म्हणाली, "पा बिझें, गरज न्हाय. जा. तितं जाऊन ऐक."

तो उठला. लहानपणापासून तो रिंगणात कधी उभाच राहिला नव्हता. नेहमी टेबलाखाली, नाहीतर झाडावर. लोकांनी सरकून त्याला जागा करून दिली. पाय चुकत होते, शेजारचा हसत होता. गाणं बोटीचं होतं. माहेर मागं पडलं आणि पुढं नुसतं पाणी, असं काहीतरी. तो पहिल्यांदा शब्द ऐकत होता आणि त्याला रडू येत होतं.

रिंगण फिरत टेबलासमोर आलं तेव्हा त्यानं पाहिलं. बसंतीबायचे डोळे मिटलेले होते, बोट बटणावर होतं आणि ओठ हलत होते. भोंग्यातून आवाज स्वच्छ येत होता. इंद्रदेवच्या हातांना काही काम नव्हतं; ते नुसते दोन्ही बाजूंना लोंबत होते.