गुरुबसप्पांचा अंजिरी पटका

मी पटका बोलतोय. अंजिरी रंगाचा, काठाला बारीक जर असलेला. जन्मलो तेव्हा चांगला नऊ हात लांब होतो; आता तेवढा नाही. ते कसं झालं तेच तर सांगायचं आहे. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत गुरुबसप्पांचा करडईच्या तेलाचा घाणा आहे, आणि त्यांच्या डोक्यावर माझा मुक्काम असतो. सगळं आयुष्य उंचावर गेलं, तेव्हा माझ्या बोलण्यात थोडी ऐट आलीच तर सांभाळून घ्या.

जन्म इथलाच, एका तेलुगू विणकराच्या मागावर. त्याची बायको कांड्या भरायची आणि तो वीण अशी गच्च ठोकायचा, की गिऱ्हाइकं म्हणायची, याच्या कापडातून पाणीसुद्धा विचारून जातं. अक्कलकोटच्या सिद्धप्पांनी मला विकत घेतलं ते जावयासाठी. त्यांची लेक रुद्राणी गुरुबसप्पांना दिली, त्या लग्नात मी नवरदेवाच्या डोक्यावर चढलो आणि तिथलाच झालो.

पटक्याला माणसं मोठा मान देतात म्हणे. देतात, पण सोयीनं! सभेत गेले की मी अब्रू. वाटेत भूक लागली की माझ्याच टोकात चुरमुरे बांधायचे, झोप आली की मलाच उशाला घ्यायचं. आमच्या मालकांनी तर एकदा घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवर मला बांधलं होतं. ते मी अजून विसरलेलो नाही.

तरी मालक मनानं सोनं. एकच खोड, हुतूतू! स्वतः कधी मैदानात उतरले नाहीत, पण पेठेचा संघ जिथं जाईल तिथं हे मागे हजर. दिवाळी सरली, मैदानं आखली जाऊ लागली की यांचं घाण्यावरचं लक्ष उडालंच म्हणून समजा. मग बैल फिरतोय, रुद्राणीबाई तेल मोजतायत आणि मालक गिऱ्हाइकाला कोंडीबाची चढाई हातवारे करून दाखवतायत. कोंडीबा हा आमच्या संघाचा मुख्य गडी. गिरणीत कामाला, बोलायला कमी, आणि दम असा की समोरच्या संघाला वाटावं हा श्वास घरी ठेवून आला आहे.

सन चौतीसच्या हंगामात सुरुवातीलाच तीन सामने बाहेरगावी ठरले. आधी कुंभारी, मग अक्कलकोट, शेवटी माळशिरस. संघाबरोबर जाणारा पाठीराखा एकच, आमचे मालक. सगळ्या पेठेचं ओरडणं त्यांनी एकट्यानं अंगावर घेतलं होतं.

कुंभारी तर हाकेच्या अंतरावर. तिथं धोंडीराम नावाचा एक म्हातारा मैदानाच्या कडेला तंबाखू मळत बसला होता. आम्हाला बघून म्हणाला, "या, अण्णा! यंदा बी हरायलाच आलाय जनू?"

मालकांना राग आला, आणि राग आला की त्यांची जीभ त्यांच्या ताब्यात राहत नाही. ते चारचौघांत गरजले, "हरलो तर सिद्धेश्वराची आण! पुन्हा जिंकेपर्यंत डोक्याला पटका लावणार न्हाई!"

मी तेव्हा त्यांच्या डोक्यावरच होतो. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

पहिलाच सामना, गड्यांचे हातपाय अजून जुळलेले नव्हते. एका गड्यानं हरलो. धोंडीरामनं तंबाखूचा बार भरला आणि गोड आवाजात विचारलं, "अण्णा, आन घेतलीया न्हवं?" मालकांनी मला सोडलं आणि कमरेला गुंडाळलं. आयुष्यात पहिल्यांदा मी उजेडाऐवजी धोतराच्या निऱ्या बघत घरी निघालो.

आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. बाप्या माणूस उघड्या डोक्यानं घरी आला, की त्याचा अर्थ एकच, कुणीतरी गेलं. मालकांच्या डोक्यात मात्र सामना घोळत होता, रीत कुठली आठवायला! मान खाली घालून ते पेठेत शिरले. पानवाल्यानं हातातली कात्री खाली ठेवली. शेजारच्या गिरिजाबाई ओट्यावरून उठून आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. रुद्राणीबाई तेलाचं माप हातात घेऊन बाहेर आल्या, नवऱ्याचं बोडकं डोकं बघितलं आणि माप हातातून सुटलं.

"अय्यो शिवा! अप्पा गेले का हो माझे?"

सिद्धप्पांना आठवडाभर खोकला होता, तेवढ्यावरून बाईंनी ताळा जुळवला. मालक गप्प. हरल्यावर त्यांच्या तोंडातून शब्द फुटत नाही, हा त्यांचा जुना स्वभाव. ते गप्प आहेत हे बघून बाईंची खात्रीच पटली. त्यांनी असा हंबरडा फोडला की घाण्याचा बैल जागच्या जागी थांबला. गिरिजाबाईंनी लगबगीनं आत जाऊन चूल विझवली, कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही. बघता बघता ओटा बायकांनी भरला.

"कशानं गेले, ते तरी सांगा की!" बाई रडता रडता म्हणाल्या.

"कोंडीबाला तिघांनी धरलं," मालक हुंदका आवरत म्हणाले. "रेघ वीतभर राहिली होती गं!"

ओट्यावरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग गिरिजाबाईंनी पदर तोंडाला लावला. रडायला नव्हे, हसू दाबायला. रुद्राणीबाईंनी मात्र डोळे पुसले आणि नवऱ्याकडे असं बघितलं की कमरेच्या मला घाम फुटला.

"माझ्या जित्या बापाचं रडं रडायला लावलंत! तेही खेळापायी!"

त्या दिवशी आमच्या घरी चूल पुन्हा पेटली नाही. गिरिजाबाईंनी पेटवून देऊ का म्हणून विचारलं, तर बाई म्हणाल्या, "राहू दे विझलेली. कोंडीबाच्या रेघेवर पोट भरेल यांचं."

थट्टा इथवर ठीक होती. पण पुढचं थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. रुद्राणीबाईंच्या धाकट्या भावाचं, पंचाक्षरीचं लग्न अक्कलकोटला ठरलेलं होतं, माळशिरसच्या सामन्यानंतर लगेच. बाईंनी निक्षून सांगितलं, "आण घेतलीय तर पाळा. सिद्धेश्वराची आहे, मोडा म्हणायची नाही मी. पण बोडक्या डोक्याचा थोरला जावई मांडवात उभा राहिला तर शुभकार्यात लोक काय म्हणतील? डोक्याला पटका असेल तर लग्नाला या. नसेल तर इथं घाणा हाका. मी एकटी जाईन."

बाईंच्या आवाजात आता राग नव्हता, नुसतं दुःख होतं. भावाच्या लग्नात नवऱ्याशिवाय उभं राहायचं म्हणजे काय, ते त्यांनाच ठाऊक. मालकांनाही ते कळलं. त्या दिवसापासून त्यांचं जेवणात लक्ष लागेना.

आता अक्कलकोटला जिंकलं की सुटलो, असा आम्ही हिशेब केला. पण अक्कलकोट म्हणजे मालकांची सासुरवाडी! बोडक्या डोक्यानं तिथं जायचं कसं? रेल्वेतून उतरल्यापासून ते टांग्याच्या, झाडाच्या, बैलगाडीच्या आडोशानं चालले होते. मैदानाशी पोचून शेंगांच्या एका ढिगामागं दडून बसले. पण कोंडीबानं पहिला गडी मारला आणि ढिगामागून आरोळी उठली, "शाब्बास रं कोंडीबा!" तो आवाज अख्ख्या अक्कलकोटात एकाच माणसाचा असू शकत होता.

सिद्धप्पा ढिगाला वळसा घालून आले. खोकला बरा झालेला, काठी टेकत, ताठ. जावयाचं डोकं बघून त्यांचा चेहरा उतरला.

"बापू, कोण गेलं?"

"कुणी न्हाई, मामा. कुंभारीचा सामना गेला."

सिद्धप्पांनी मला मालकांच्या कमरेला ओळखलं. हात लावून वीण चाचपली. "हे कापड मी निवडून घेतलं होतं," एवढंच म्हणाले आणि आपल्या गावच्या बाजूला जाऊन बसले. शिव्या दिल्या असत्या तर मालकांना बरं वाटलं असतं.

त्या सामन्यात अंधार पडेपर्यंत कुणी हरलं नाही, कुणी जिंकलं नाही. पंचांनी बरोबरी दिली. बरोबरी म्हणजे जिंकणं नव्हे, त्यामुळे मी कमरेलाच राहिलो.

उरलं माळशिरस. रेल्वेनं कुर्डुवाडी, तिथून छोटी गाडी, पुढं सर्व्हिस मोटार. धुळीनं सगळे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसत होते. वाटेत गड्यांनी भाकऱ्या खाल्ल्या, मालकांनी खाल्ली नाही. कोंडीबा आपल्या वाटची शेंगाची चटणी पुढं करून म्हणाला, "अण्णा, खावा की. तुमी ओरडला न्हाईसा तर आमाला कसं कळायचं आमी कुटं हाय ते?" तेव्हा कुठं त्यांनी दोन घास घेतले.

माळशिरसचं मैदान मुरमाचं, आणि गडी उसाच्या रानात वाढलेले, एकेकाची मांडी पखालीएवढी. तिथल्या लोकांचा म्होरक्या मानसिंग. पल्लेदार मिशा, हातात अडकित्ता, सुपारी कातरत तो आमच्या शेजारीच बसला. त्याला आणेची गोष्ट कुंभारीहून कळली होती. "अण्णा, तुमच्या डोईची काळजी वाटतीया, पर आमी काय हरनार न्हाय," म्हणाला. म्हणणं मनापासून होतं.

पहिला डाव आम्ही घेतला, दुसरा त्यांनी. तिसऱ्या डावात आमचे गडी एकेक करून बाद झाले. शेवटी आमच्याकडे एकटा कोंडीबा, त्यांच्याकडे दोघं. आणि नेमका तेव्हाच त्यांची चढाई चुकवताना कोंडीबा मुरमावर गुडघ्यावर आपटला. उठायला गेला तर पाय खाली टेकेना.

पंच म्हणाले, "गडी उभा ऱ्हायला तर खेळ. न्हायतर डाव सोडला असं धरतो."

कोंडीबा ओठ चावत म्हणाला, "कुनीतरी गुडघा आवळून बांधा. मग जातो."

कुणीतरी धोतराची पट्टी दिली, ती पहिल्याच वेढ्याला फाटली. गड्यांच्या अंगावर होतं काय! लंगोट आणि माती. टिकेल असं कापड होतं ते एकच, मालकांच्या कमरेला. त्यांनी मला घाईनं सोडलं आणि कोंडीबाच्या गुडघ्याला वेढा द्यायला लागले. पण नऊ हात पटका तो! गुडघ्याचं गाठोडंच झालं. पाय वाकेना. मला फाडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

मालक मला हातात घेऊन उभे राहिले. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं. इतकी वर्षं त्या डोक्यावर राहिलो होतो. न फाडावं तर सामना गेला, आण राहिली, लग्न बुडालं. फाडावं आणि जिंकावं, तर मांडवात मिरवायला पटका कुठला? मी घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू. फाटायची भीती कापडालाही असते.

मग मालकांनी कोंडीबाकडे बघितलं. तो एका पायावर उभा होता आणि खेळायला आतुर झाला होता. मालकांनी दात लावले. पण काठ फाटेना! विणकराचा हात आडवा आला. सगळं मैदान बघत होतं. तेवढ्यात मानसिंग उठला.

"ह्यो घ्या अडकित्ता. काट कातरल्याबिगर फाटायचा न्हाय त्यो."

"तुमच्याच संघाविरुद्ध हाय, मानसिंगराव," मालक म्हणाले.

"आसंना का. लंगड्याला हरवून आमी कुटं सांगायचं?"

कट्ट! काठ तुटला आणि मग टर्रर्र आवाज झाला. तो आवाज माझाच होता. दुखलं, पण पुढं काय होतंय त्या उत्सुकतेत ते मला पुरतं जाणवलंही नाही.

गंमत बघा, एका क्षणात मी दोन ठिकाणी झालो. एक तुकडा मालकांच्या मुठीत, एक कोंडीबाच्या गुडघ्याला. जन्मात पहिल्यांदा मी मैदानात उतरलो. कोंडीबा "हुतूतूतू" करत आत शिरला. त्या दोघांनी त्याला अलगद आत येऊ दिलं आणि झडप घातली. एकानं कंबर धरली, एकानं नेमका मला. वीण ताणली, गाठ करकरली. मी म्हणालो, फाटायचं होतं तेवढं फाटलोय, आता नाही. कोंडीबा दोघांना ओढत, सरपटत, दम न सोडता रेघेकडे आला आणि त्याची बोटं रेघेवर पडली.

मालक ओरडले नाहीत. रडले! मानसिंगनंच पुढं होऊन माझा उरलेला तुकडा त्यांच्या हातातून घेतला, मुरूम झटकला आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या डोक्याला बांधला. जेमतेम दोन वेढे बसले. शेमला नाही, तुरा नाही, वर टाळू उघडी.

त्याच अवतारात आम्ही अक्कलकोटला मांडवाच्या दारात उभे राहिलो. पाहुण्यांत हसू पिकलं. सिद्धप्पांनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "उरलेला कुठं?"

मालकांनी झालं ते सगळं सांगितलं, अडकित्त्यासकट. सिद्धप्पा आत गेले आणि आहेरातला कोरा, केशरी, भरजरी पटका घेऊन आले. रीतच आहे, लग्नात जावयाला नवा पटका. मालकांनी मान झुकवली. माझी वेळ भरली, असं मला वाटलं. तक्रार करायला जागा नव्हती. त्या केशरीपुढं मी पायपुसणंच दिसत होतो.

सिद्धप्पांचा हात माझ्यापाशी आला, तोच रुद्राणीबाई मध्ये आल्या. बापाच्या हातातून नवा पटका घेतला, डोळ्यांना लावला आणि घडी करून बगलेत धरला.

"हा पंचाक्षरीच्या लेकराच्या बारशाला बांधतील, अप्पा. आज हाच असू दे. आण पाळून आलेत ते. फाटका तर फाटका, पण जिंकून बांधलाय." मग नवऱ्याची उघडी टाळू झाकायला माझं टोक ओढून नीट खोवत हळूच म्हणाल्या, "रेघेला हात लागला ना नीट? का वीतभर राहिली?"

मालक इतके हसले की मी पुन्हा सुटायला आलो.

आता माझा रंग विटलाय, जर काळी पडलीय. केशरीबुवा पेटीत कापराच्या वड्यांत झोपतात आणि लग्नामुंजीला बाहेर येतात. सामन्याला मात्र मीच. अर्धा कडेला डोक्यावर, अर्धा आत कोंडीबाच्या गुडघ्याला. तो आत शिरला की मालक ओरडतात, "चला, आमी आत गेलो!" आणि हल्ली रुद्राणीबाई घाण्यावर बसल्या बसल्या निकालाची वाट बघतात.

परवा एक शिंपी म्हणाला, दोन्ही तुकडे आणा, बेमालूम जोडून देतो. बाबांनो, तुमच्या पाया पडतो, त्याला तेवढं करू देऊ नका. जोडला तर आमच्यातल्या एकाला मैदान सोडावं लागेल, आणि आम्ही दोघंही तयार नाही.