मडगार्डवरचं रबर

अंगठ्याला लागलेला सरस अजून निघत नव्हता, आणि त्याचा तो जळक्या चपलेसारखा वास... रॉडनीने अंगठा पँटला पुसला, पुन्हा पुसला, तरी वास जाईना. गाडीचं हे मडगार्ड त्याने स्वतः ठोकून वळवलं होतं, हिवाळाभर कानस मारून कड आणली होती. कशी देखणी कड! बायको बेरिल त्यावरून नजर फिरवून म्हणाली होती, "जन्मात पहिल्यांदा कुणाला न विचारता काही केलंस बाबा." आणि आता त्याच कडेवर ही काळी पट्टी, जळू डसावी तशी.

घरी बांधलेल्या गाडीला बाहेरून कुठे धार लागता कामा नये, असा नियम. म्हणून नॉटिंगहॅमच्या, घरी गाड्या बांधणाऱ्यांच्या क्लबातले सगळे तपासणीच्या आदल्या दिवशी कडांवर रबर डकवतात, बोल्टांवर टोप्या चढवतात, आणि पास झालं की तपासणी केंद्राच्या फाटकाबाहेर सोलून फेकतात. सरकारी तपासनीसाला हे ठाऊक नसेल? त्याने आज मापाचा गोळा कडांवरून फिरवून फिरवून धार शोधली, "सुरेख काम केलंय हं," म्हणाला — आणि रॉडनीला स्वतःचीच शिसारी आली. अरे, मी काय शाळकरी पोर आहे, कॉपी करून शाबासकी घ्यायला?

पण पास झाली. फाटकाबाहेर क्लबातला कीथ चाकू उघडूनच उभा. "चल रे म्हाताऱ्या, नाटक संपलं. तोंडाचा रंग पूस!"

"थांब. आधी विमा."

कायमचा विमा नाही तर नंबर नाही, आणि नंबर नाही तर ही गाडी म्हणजे गॅरेजातलं भंगार. त्याने तिथूनच विमा कंपनीला फोन लावला; स्पीकरवरच्या बाई गोड होत्या.

"अभिनंदन! आता एकच विचारते. गाडी तपासणीला होती तशीच ठेवणार ना? काही काढणार-बदलणार असाल तर आत्ताच सांगा. मागाहून कळलं, तर अपघातात आमच्याकडून काही मिळायचं नाही."

कीथने नकारार्थी मान हलवली. "बदलणार नाही म्हण," तो कुजबुजला. "सगळे म्हणतात."

सगळे... रॉडनीला आपली पोटरी आठवली. गॅरेजात घाईने वळताना ह्याच कडेने ती उभी चिरली होती, आणि त्याने आधी काय पुसलं होतं? पाय नव्हे. अॅल्युमिनियम! डाग पडू नये म्हणून. रक्त मोज्यात उतरत होतं आणि तो कड न्याहाळत बसला होता, खूश होऊन. बेरिलला त्याने सांगितलंच नव्हतं.

"हॅलो? ऐकताय ना?"

"काही बदलणार नाही," तो म्हणाला.

कीथने अंगठा उंचावला. "शाब्बास! सराईत निघालास की."

रबर ठेवायचं की काढायचं हे अजून ठरलंच नव्हतं, त्यामुळे आपण थाप मारली की खरं बोललो, हे रॉडनीला सांगता आलं नसतं. कीथ चाकू घेऊन वाकला तेव्हा त्याने तोंड फिरवलं; आता शिसारी रबराची नव्हती. त्याखालच्या, पोटरी चिरणाऱ्या कडेकडे त्याला बघवेना.